गाळाची वाटणी

"शुक्रवारपर्यंत थांबायचं कारणच नाही सर, आत्ता पेटवून दाखवतो," असं म्हणत गोमटेशनं काडी ओढली. काडी पेटल्यावर त्याला आणखी जोर चढला. "ज्योत नाही धरली तर मिशी काढून टाकीन."

ऐकायला तिघं होते. कॉलेजचे प्राचार्य यादव सर, दाराशी टेकलेला लॅबचा शिपाई लालासाहेब, आणि टेबलाच्या पलीकडच्या अंगाला स्वतःच्या बाटलीवर हात ठेवून उभी असलेली तरन्नुम. गोमटेशच्या पुढ्यात तलावातल्या काळ्या गाळानं अर्धी भरलेली काचेची बाटली होती. तिला रबरी बूच, बुचात टोचलेली सुई. सुईच्या टोकाशी त्यानं काडी नेली. बाटलीतून वारा आला, नाही असं नाही. त्या वाऱ्यानं काडी विझली.

दुसरीही विझली. तिसरीनं विझायच्या आधी त्याचं बोट भाजलं.

"वाढदिवसाला लय बरी हाय ही बाटली," लालासाहेब म्हणाला. "मेणबत्त्या इजवायला."

मग वास आला. रसवंतीवाल्यानं उन्हात विसरलेल्या रसाचा असतो तसा, आंबूस, गोडसर, नाकात घर करणारा. यादव सरांनी रुमाल काढला.

"हे काय आहे, गोमटेश?"

"सर, हायड्रोजन येणार होता. भविष्यातलं इंधन आहे ते."

"मग भविष्यातच बोलवा मला." सर वळले. "तुमचं काय, मॅडम?"

"माझ्यात अजून बुडबुडासुद्धा नाही सर," तरन्नुम म्हणाली. तिनं आधी काहीच कबूल केलं नव्हतं, त्यामुळं तिला भाजून घ्यायलाही लागलं नाही.

खरं तर वर्षभरापूर्वी याच टेबलावर याच गाळानं निळी ज्योत धरली होती. तेव्हा बाटली एक होती आणि माणसं दोन. गाळ तरन्नुमच्या माहेरचा, रहिमतपूरच्या अलीकडच्या पाझर तलावातला. भोवतीनं सगळा ऊस. त्या तलावात म्हशी बसल्या की बुडबुडे येतात हे तिनं लहानपणापासून बघितलेलं, आणि ते म्हशींचेच आहेत अशी साऱ्या गावाची पक्की समजूत. म्हशी नसतानाही बुडबुडे येतात हे बघायला तिला एमएस्सी व्हावं लागलं. गाळ काढायला दोघं मिळून गेले तेव्हा गोमटेश गुडघ्यापर्यंत रुतला. तो वर आला, त्याची एक चप्पल अजून तिथंच आहे.

त्या गाळात दोन जातीचे जीव एकत्र नांदतात. पहिले साखर फोडून खातात आणि नको ते टाकून देतात, म्हणजे थोडा हायड्रोजन, काडी विझवणारा कार्बन डायऑक्साइड आणि आंबट पाणी. दुसऱ्यांना साखर खाताच येत नाही. पहिल्यांचं उष्टं हेच त्यांचं जेवण. ते खाऊन ते मिथेन सोडतात, तोच पेटतो. दुसरे उपकार करत नाहीत आणि पहिले दानधर्म करत नाहीत. पण पंगत उठली आणि पत्रावळी उचलायलाच कुणी नसलं, तर पुढची पंगत बसणार कुठं? दुसरे नसले तर पहिले आपल्याच उष्ट्यात गुदमरतात. पहिले नसले तर दुसरे उपाशी मरतात. हे सगळं गोमटेश दरवर्षी तिसऱ्या वर्षाच्या पोरांना फळ्यावर बाण काढून शिकवायचा. परीक्षेला हमखास येतं म्हणून खाली दोन रेघा मारायचा.

तरीही वाटणी झाली, कारण जागा निघाली.

दोघंही तासिका तत्त्वावर होते. हे तत्त्व साधं आहे. तास घेतला तर पगार, सुट्टी लागली की तत्त्व. अशी वर्षं गेल्यावर कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्राची एक जागा कायम होणार असं ठरलं. एकच. यादव सरांनी दोघांना बोलावून घेतलं.

"एकच काम घेऊन दोघं समितीपुढं उभे राहिलात तर समितीनं कुणाला घ्यायचं? कामाला एक नाव पाहिजे. वाटून घ्या. भावाभावांत शेत नाही वाटत?"

मग गाळात बांध पडला. गोमटेशनं आपला वाटा उकळला. उकळलं की मिथेनचा गॅस करणारे मरतात आणि साखर खाणारे टणक बीज धरून तगून राहतात. तरन्नुमनं आपल्या वाट्याला महिनोन्‌महिने साखर दाखवलीच नाही, नुसत्या हायड्रोजनवर ठेवलं. साखर खाणारे गेले, गॅस करणारे राहिले. इथवर शास्त्राला धरून चाललं होतं. मग सरांनी न्याय केला.

"दोघांनाही खाऊ सारखाच द्यायचा. पुढं तक्रार नको."

खाऊ म्हणजे काकवी. लॅबला ग्लुकोज घ्यायची मंजुरी येईना, म्हणून गोमटेश आष्ट्याहून घरच्या गुऱ्हाळाची काकवी आणायचा.

"सर, पण माझे साखर खात नाहीत," तरन्नुम म्हणाली होती.

"का? डायबेटिस आहे?"

"त्यांना जमतच नाही सर."

"सवय लावा," सर म्हणाले, आणि न्याय संपला.

लालासाहेबानं तर पुढचं पाऊल टाकलं. टेबलाच्या मधोमध त्यानं खडूची रेघ ओढली. रेघ सरळ आली, पण नळ तरन्नुमच्या हद्दीत गेला आणि बर्नर गोमटेशच्या. तेव्हापासून तो पाण्यासाठी तिची परवानगी मागायचा आणि ती जाळासाठी त्याची. बाकी बोलणं थांबलं होतं. पूर्वी ती डब्यात त्याच्यापुरते कांदा-बटाटा न घातलेले पोहे वेगळे बांधून आणायची. वाटणीनंतर डबेही आपापले झाले.

आता काड्या विझल्यावर सर गेले आणि लालासाहेब गोमटेशजवळ आला.

"मिशीचं काय करताय, सर?"

"बघू."

"बघू न्हाई. आरसा आणू का?"

शब्द म्हणजे शब्द. गोमटेश स्टँडजवळच्या सलूनात बसला. कारागिरानं दोनदा विचारून घेतलं, मग वस्तरा फिरवला. घरी येऊन त्यानं दार लोटलं तेव्हा आई, पद्मावती, फडक्यातून पाणी गाळत होती. तिनं वर बघितलं आणि तिच्या हातातलं फडकं तसंच राहिलं.

"कोण गेलं रं?"

"कुणी नाही, आई."

"मिशी उतरून आलास आनि कुनी न्हाई म्हंतोस? कोल्लापूरचं काका का?"

"काका बरे आहेत. बाटलीतले गेले."

पद्मावती जैनाघरची, सूर्य मावळायच्या आत जेवणारी. मुलगा जीव पाळतो की मारतो हा प्रश्न ती त्याला एमएस्सीला गेल्यापासून विचारत होती, आणि पाळतो, या उत्तरावर तिनं कसाबसा विश्वास ठेवला होता.

"किती गेलं?"

"मोजता नाही येत गं. कोटींत असतील."

ती पाटावर बसली. हात जोडले आणि डोळे मिटून णमोकार म्हटला. हसावं की काय करावं हे गोमटेशला कळेना, म्हणून तोही शेजारी बसला.

डोळे उघडल्यावर ती म्हणाली, "श्रेणिकशेटचा फोन आलता."

श्रेणिकशेट म्हणजे सांगलीचे हळदीचे व्यापारी. त्यांच्या मुलीचं, ब्राह्मीचं स्थळ गोमटेशला आलं होतं. मुलगी बघून झाली होती, मुलाला पसंत होती, मुलीलाही मुलगा नापसंत नव्हता. सुपारी अडली होती ती एका शब्दावर.

"काय म्हणाले?"

"म्हनलं, पोरगं कायम झालं की कळवा. दुसरीकडचं बी बघाय लागलंत." तिनं फडकं पिळलं. "आनि तू ही अशी मिशी घालवून बसलास. बायोडाट्यातल्या फोटूत हाय ती."

पुढच्या महिन्यात समिती बसणार होती. दोघांनी नव्या बाटल्या भरल्या, त्यात सारखीच काकवी घातली. गोमटेशला माहीत होतं काय होणार. पुन्हा तोच आंबूस वास, पुन्हा विझलेली काडी, आणि आता काढायला मिशीही नाही. रोज सकाळी तो बाटली उजेडात धरायचा. बाटलीत त्याचे जीव मजेत जेवत होते. पत्रावळींचा ढीग वाढत होता.

बुधवारी दुपारी तरन्नुम तासाला गेली. लालासाहेब बाहेरच्या व्हरांड्यात चपाती खात बसला होता, काकवीबरोबर. काकवी प्रयोगाचीच होती. गोमटेश सिरिंज घेऊन उभा राहिला. लहानपणी पोरं दुसऱ्याच्या रानातले पेरू तोडायची तेव्हा हा बांधावर उभा राहून राखण करायचा, तेही तोंड दुसरीकडं करून. आता त्यानं खडूची रेघ ओलांडली, तरन्नुमच्या बाटलीच्या बुचात सुई घातली आणि थोडासा काळा गाळ ओढून घेतला. मग उलटा वळून तो आपल्या बाटलीत सोडला.

"काय चाललंय, सर?" दारात लालासाहेब, ओठांवर काकवी.

"सुई धुतोय."

"रेघंच्या पल्याड?"

"नळ तिकडंच दिलायस ना तू?"

लालासाहेबाला ते पटलं. स्वतःच्या कामात चूक निघाली की तो फार बोलत नसे.

तास संपवून तरन्नुम आली. हात धुतले, पिशवीतून एक डबा काढला आणि रेघेवरून त्याच्या बाजूला सरकवला.

"अम्मीनं उप्पीट केलंय. कांदा नाही, बटाटा नाही."

अम्मी, म्हणजे हाजराबी, रहिमतपूरला राहायची. तिच्या हातचं उप्पीट गोमटेशला वर्षभर मिळालं नव्हतं.

"आज कसं काय, मॅडम?"

"असंच. खा की."

ती त्याच्याकडं न बघताच बोलली. तो खायला लागला. या बाईच्या बाटलीत आपण आत्ताच सुई घालून आलोय आणि ही आपल्याला कढीपत्ता वेचून उप्पीट देतेय. त्यानं डबा चाटून-पुसून संपवला, कारण टाकलं असतं तर तिला संशय आला असता. धुवायला नळाजवळ गेला तेव्हा परवानगी मागायलाही विसरला नाही.

काही दिवसांनी त्याची बाटली बोलायला लागली. आधी काठाशी बारीक मोत्यांसारखे बुडबुडे आले, मग गाळाला भेगा पडल्या. आंबूस वास गेला. गोमटेशनं बाटलीवर काळं कापड घातलं. लोकांना सांगितलं, उजेड लागू नये म्हणून. तरन्नुमनंही आपल्या बाटलीवर कापड घातलं. ती आपलं बघून करतेय, असं त्याला वाटलं.

समितीच्या दिवशी विद्यापीठाकडून विषयतज्ज्ञ आले, डॉ. भाऊसो चौगुले. जाडजूड, संथ माणूस. त्यांनी आधी चहा घेतला, मग बाटल्यांकडं आले. यादव सरांनी स्वतः काडी ओढली. या वेळी गोमटेशनं कसली पैज लावली नाही.

सुईच्या टोकावर निळी ज्योत उभी राहिली. लहान, स्वच्छ, न थरथरणारी.

"शाब्बास!" यादव सरांनी टाळी वाजवली. गोमटेशला सांगलीची हळद दिसली.

"आता मॅडमची," चौगुले म्हणाले.

तरन्नुमनं कापड काढलं. काडी सुईशी गेली. तिथंही निळी ज्योत उभी राहिली. तेवढीच लहान, तेवढीच स्वच्छ.

गोमटेश आधी हसला. कुणाचंही काम झालं की हसायची त्याला सवय होती. मग ते हसू तोंडावर तसंच राहिलं. हिच्या बाटलीत नुसती काकवी. हिचे तर साखरेला तोंड लावत नाहीत. मग साखर फोडली कुणी? त्यानं तिच्याकडं बघितलं. ती त्याच्या ज्योतीकडं बघत होती, भुवया वर चढवून. उकळलेल्या गाळात गॅस करणारे आले कुठून, एवढं गणित तिलाही येत होतं. मग दोघांची नजर एकमेकांवर पडली आणि लगेच निघाली. त्याची नळाकडं गेली, तिची बर्नरकडं.

चौगुले संथ असले तरी तज्ज्ञ होते.

"तुम्ही उकळलंय म्हणता ना? मग मिथेन करणारे वाचले कसे?"

"सर, तलाव एकच होता," गोमटेश म्हणाला.

"असेल. आणि मॅडम, तुमच्यात साखर कोण खातंय?"

"शेजारचे, सर," तरन्नुम म्हणाली. आवाज खाली गेला होता, पण शब्द स्वच्छ होता.

"शेजारचे म्हणजे?" यादव सर पुढं आले. "गोमटेश, यांनी तुमच्यातलं घेतलंय का?"

हो म्हटलं की संपलं होतं. एक अक्षर. जागा त्याची, सुपारी त्याची, आईचा सांगलीला फोन. हे गोमटेशला कळत होतं, आणि ते तरन्नुमलाही कळत होतं, कारण तिनं टेबलाची कड धरली. तिलाही त्याच्या ज्योतीकडं बोट दाखवून तेच म्हणता आलं असतं. ती म्हणाली नाही. लालासाहेब दारात पाय बदलत उभा होता.

"सर," गोमटेश म्हणाला, "दोन्ही बाटल्या दोघांच्या आहेत. एकाच्या नावावर एकही नाही निघत. आम्ही करून बघितलं."

"मॅडम?"

"बरोबर आहे, सर."

चौगुलेंनी चष्मा काढून पुसला. "शास्त्र म्हणून उत्तम आहे," ते म्हणाले. यादव सरांकडं वळून म्हणाले, "पण उमेदवार म्हणून मी हे लिहू कसं?"

ते लिहिता येईना. म्हणून समितीनं अशा वेळी लिहितात तेच लिहिलं, योग्य उमेदवार आढळला नाही. जागा रिकामी ठेवणं सरांच्या जिवावर आलं, ती वनस्पतीशास्त्राला गेली. सांगलीहून पुन्हा फोन आला नाही.

त्यानंतर कितीतरी दिवस दोघं आपापल्या कडेला काम करत होते. एका दुपारी तरन्नुमनं बर्नर मागितला, त्यानं दिला. मग तीच म्हणाली,

"कधी घेतलंत?"

"बुधवारी. तुम्ही तासाला होतात." तो थांबला. "तुम्ही?"

"सोमवारी."

गोमटेश बोटांवर काहीतरी करायला लागला. सोमवार. मंगळवार. बुधवार. मग त्यानं डोक्याला हात लावला.

"म्हणजे बुधवारी मी जे चोरलं त्यात माझेच होते?"

"होते की."

"मी माझ्याच घरात चोरी केली, मॅडम!"

"अर्धी," तरन्नुम म्हणाली. "अर्धे माझे होते. त्यांच्यावरच पेटली तुमची." तिला हसू आवरेना. पदर तोंडाला लावून ती स्टुलावर बसली. तोही हसला, आणि हसता हसता त्याला श्रेणिकशेट आठवले, तरी हसू थांबलं नाही. मिशी परत येत होती. वरच्या ओठाला खाज सुटायची.

"सर, एक करू या का?" तिनं डोळे पुसले. "आता कुणाला दाखवायचंच नाही, तर मोठं करू. बरणीत."

कोपऱ्यात जुनी, मोठ्या तोंडाची काचेची बरणी पडून होती. दोन्ही बाटल्या त्यात ओतल्या. वर रहिमतपूरचा ताजा गाळ, उरलेली काकवी, पाणी. बरणी गळ्यापर्यंत भरली. गोमटेशनं रबराचं जाड बूच बसवलं आणि ती खिडकीत ऊन लागेल अशी ठेवली.

"जागा सोडायला पाहिजे होती वरती," तरन्नुम म्हणाली.

"राहू द्या हो. बघू तर काय करतात."

सोमवारी वनस्पतीशास्त्राचे नवे प्राध्यापक आले. अमृत नाव, मेढ्याचा मुलगा, अंगावर घडी मोडलेला पांढराशुभ्र शर्ट. यादव सर त्याला हजेरीपुस्तकावर सही करायला नेत होते, पण वाटेत सगळे विभाग दाखवायचा त्यांना हुरूप आला. लॅबमध्ये शिरल्यावर अमृतला खिडकीतली बरणी दिसली. आतून काहीतरी गुरगुरत होतं. हे काय आहे म्हणून तो वाकला.

बूच छताला लागलं. गाळ अमृतला लागला. शर्ट बदलायला तो मेढ्याला गेला आणि त्या दिवशी रुजू झाला नाही.